ताईंचं क्योतो

जपानमधल्या अकिता शहरातल्या दवाखान्यात माझ्यासमोर दोन म्हाताऱ्या बहिणी बसल्या होत्या.

"ताई, क्योतोत सातही दिवस देवळंच बघायची?"

"दोन बघू. बाकीच्या देवांचं आपल्यावाचून काही अडलेलं नाही. उरलेले दिवस खायचं आणि लोळायचं."

"भावोजींचा फोटो घेतेस ना? बिचारे चाळीस वर्षं 'पुढच्या वर्षी नेतो' म्हणत गेले."

"राहू दे त्यांना घरीच. तिथंही चहा निवलाय म्हणून कुरकुरतील."

"आणि डॉक्टर नको म्हणाले तर?"

"म्हणून तर तिकिटं आधी काढली."

"परवा तुला चक्कर आली, ते सांगावं लागेल."

"सांग की. मग जा एकटीच."

नर्सनं 'कुदो हिसानो' असं नाव पुकारलं. दोघी आत गेल्या. दार लागता लागता धाकटीचा आवाज ऐकू आला.

"डॉक्टर, ताई अगदी ठणठणीत आहे हो!"