देवीपुढे मांडलेली मशीन

—नाही हो, फोटो ठेवा खिशात, बघितला की मी एकदा, असा कुणी नाही इथे. बसा, उन्हातून आलात, पाणी घ्या—त्या मडक्यातलं घ्या, फिल्टर बिघडलाय. साहेब? शंभूराव ना, ते गेले सवारी बघायला, हत्ती निघायची वेळ झाली, आज अख्खं म्हैसूर तिकडेच—ढोल ऐकू येतायत बघा. स्वयंपाकवालीपण गेली गावाला. सणाच्या दिवशी बेघरांच्या निवाऱ्यात कोण थांबतंय? मी थांबते. पगार? अय्यो, पगार कसला, सुम्ने येते मी, फुकट, दर दसऱ्याला येते, चित्रान्न करते, ताटं वाढते, चादरी बदलते. लोक म्हणतात बाई पुण्य कमावतेय. पुण्य कसलं डोंबलाचं! ह्या दिवसांत घरी बसलं की डोकं फिरतं माझं, म्हणून येते, दुसरं काही नाही.

नऊ दिवस शोधताय? बस स्टँडवर बघितलंत? नंजनगूडच्या देवळात? हां, बघणारच की, पोटचा मुलगा तुम्ही. डोळे बघा किती लाल झालेत, जेवला नाहीत वाटतं. काय आहे, म्हातारी माणसं घर विसरतात हो, विसरायचंच असतं कधीकधी—तर इथे चाळीस जण आहेत सध्या, एकेकाची तऱ्हा. एक जण चपला उशाखाली घेऊन झोपतो. एकाला रोज वाटतं आज त्याचं लग्न आहे. आणि तो चार नंबरच्या खाटेवरचा म्हातारा, तो तर राजाच! वांगं दिसलं की ताट सरकवणार. दहीभातात मीठ आधी घातलेलं चालत नाही, वेगळं हवं, कडेला. परवा नवी चादर दिली तर काय करावं—अंगठा जिभेला लावला, चादरीचा काठ चोळला, आणि अंगठा उजेडात धरून बघत बसला, रंग सुटतो का म्हणून! रंगाच्या भट्ट्या विझून किती वर्षं झाली, रंगाऱ्यांची दुकानं गेली, पोरं मोबाइल विकायला लागली, पण ती खोड काही जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ—

बसा. का उठलात? बसा म्हणते ना. काठ चोळणारा काय एकच माणूस असतो गावात? वांगं न खाणारे काय कमी असतात? मी आपलं सहज—शी, ही जीभ! बोलायला कुणी मिळालं नाही आठ दिवस, म्हणून घसरली. आत जायचं नाही. दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. ओरडूनही उपयोग नाही, जेवून झोपलेत सगळे. बस, धनुष.

हो, नाव माहीत आहे मला. मगाशी सांगितलंस? नाही सांगितलंस. मी तुला फाटकातच ओळखलं, कान बापाचे आलेत, तसेच बाहेर काढलेले. तू मात्र ओळखलं नाहीस. कसं ओळखशील, बावीस वर्षं झाली, केस गेले, दात गेले—कमलाक्षी. तुझी धाकटी काकू. आता आठवलं? तोंड बघ कसं झालं! काखेत कळसा आणि गावाला वळसा, नऊ दिवस फिरलास आणि बाप इथे माझ्या हातचं जेवतोय.

माझ्या हातचं, ऐकलंस ना? तुझे काका गेले आणि त्या वर्षीच्या दसऱ्याला भावोजी, तुझे बाबा, मला म्हणाले, कमलाक्षी, सणाच्या स्वयंपाकाला हात लावू नकोस. बरं म्हणाले मी. वरच्या खोलीत माझी शिलाई मशीन होती, माझ्या आईने दिलेली, तिच्यावर गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं शिवायची आणि माझ्या पोरीला, सुमाला, नि मला दोन वेळचं व्हायचं, तुमच्या चुलीला त्रास नाही. मग नवमीला आयुधपूजा. घरातलं सगळं हत्यार, सुरी, कात्री, स्कूटर, रंगाचे जुने ठसे, सगळं देवीपुढे. आणि वर कोण आलं निरोप घेऊन? तूच ना? ‘काकू, मशीन खाली आणा, बाबा बोलावतायत.’ बारा वर्षांचा होतास. मला काय आनंद झाला रे! वाटलं, मोजतात मला घरात, माझंही हत्यार हत्यार आहे. ते जड धूड मी एकटीने जिन्यावरून उतरवलं. मीच पुसलं, मीच कुंकू लावलं, शेवंतीची माळ घातली. माझ्या हाताने, धनुष, माझ्याच हाताने देऊन टाकलं, मूर्ख मी!

दुसऱ्या दिवशी उचलायला गेले तर भावोजी खुर्चीवर बसलेले. म्हणाले, देवीपुढे मांडलं ते घराचं झालं, घराचं ते घरात राहील. मला वाटलं, चिडलेत, संध्याकाळपर्यंत निवळतील. सुमाला घेऊन बन्नीच्या, तुमच्या शमीच्या, झाडाला प्रदक्षिणा घालायला गेले, सहा वर्षांची होती. परत आले तर आतून कडी. वाजवलं, हाका मारल्या, सुमा रडायला लागली. आणि खिडकीत तू. बघत होतास. मी म्हटलं, धनू, कडी काढ रे राजा. तू बघितलंस आणि पडदा ओढलास. शेजारी सगळे सवारीला गेलेले. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो दोघी, नवी कापडं घालून, सकाळपर्यंत. लोक येता-जाता सोनं वाटत होते एकमेकांना. एकाने मलाही दिलं, भिकारीण समजून चार पानं आणि एक केळं.

मग मेटगळ्ळीच्या गारमेंट कारखान्यात बावीस वर्षं दुसऱ्याची मशीन चालवली. जाऊ दे. रडू नकोस, मला कीव येणार नाही, उगाच कष्ट घेऊ नकोस.

छळलं का मी त्यांना? इल्लप्पा, नाही रे! विचार जा कुणालाही. पोलिसांनी आणून सोडलं तेव्हा अंगाला वास येत होता, मी न्हाऊ घातलं. बीपीची गोळी वेळेवर देते. पहिल्या दिवशी भाताचा घास पुढे केला आणि वाट बघितली—आता ओळखतील, आता तोंड फिरवतील, आणि मग मी म्हणेन, काय भावोजी, विधवेच्या हातचं चालतं का आता? बावीस वर्षं घोकलेलं वाक्य हे. तर त्यांनी तोंड उघडलं, खाल्लं, आणि हात जोडून म्हणाले, ‘अम्मा, आणखी थोडा.’ अम्मा म्हणतात मला! मी तीनदा नाव सांगितलं, कमलाक्षी, कमलाक्षी, मशीनवाली. नुसतं हसतात. सगळं विसरून मोकळे झाले, आणि मी बसले उराशी घेऊन. ज्याला आठवतच नाही त्याच्यावर सूड कसा उगवायचा, सांग ना मला, तू शिकलेला आहेस.

पण तुला आठवतंय. मघाशी पडद्याचं बोलले तेव्हा मान खाली गेली तुझी, बघितलं मी. म्हणून आज नाही मिळायचे ते तुला. उद्या मिळतील. दहा वाजता शंभूराव येतील, सही करतील, मी स्वतः त्यांना धुतलेला शर्ट घालून हाताला धरून बाहेर आणीन, शपथ चामुंडीची. एवढी एकच रात्र. ती समोर पंक्चरवाल्याची पायरी आहे, दुकान बंद आहे, तिथे बस. बापाला माहीत नाही, तू तरी बघ कसं असतं ते, आपलं माणूस आत आणि आपण बाहेर. पोलिसांना बोलावतोस? बोलाव. सगळे बंदोबस्तात आहेत.

पाया नको पडूस. ऊठ. कपडे मळतील. चल, फाटकाबाहेर हो. आणि ऐक, आता जाग येईल त्यांना, जाग आली की हाक मारतात, एकच नाव राहिलंय डोक्यात, बाकी सगळं पुसलं गेलंय, ना तुझ्या आईचं, ना माझं—धनू, धनू म्हणत बसतात दिवा लागेपर्यंत. मी सांगते येतोय हं. तू ओ द्यायची नाही. ओ दिलीस तर त्यांना कळेल तू बाहेर आहेस, आणि मग रात्रभर दार वाजवतील आतून—

ऐकलंस? उठले.

फाटकाच्या गजावरचा हात काढ, धनुष. बोटं सापडतील. कडी लावायची आहे मला.