एक दिवस पंप बंद

...आणि वर मलाच म्हणतात, काळजी करू नको! अहो, दोन वर्षांच्या करारावर लिबियाला गेलेला माणूस अकराव्या महिन्यात दारात उभा, हातात एक बॅग आणि खजुराचं पुडकं, कंपनीनं काढून टाकलेला, आणि म्हणे काळजी करू नको! मग काय करू? ओवाळू?

तुम्हाला सांगते, आमचे हे सातपूरला कारखान्यात पंपाचे फिटर. बरं चाललं होतं. पण कुठल्याशा कंपनीचा एजंट आला, वाळवंटात खोल बोअर मारायचेत म्हणाला, आणि ह्यांनी राजीनामा दिला! मी म्हटलं, "अहो, वाळवंटात पाणी असतं का?" तर म्हणे, "खाली असतं. हजारो वर्षांपूर्वीचं." म्हटलं, "म्हणजे पणजोबांची ठेव! मग त्यात भर कोण घालतं?" "भर कोणी घालत नाही. नुसती काढायची. तू काळजी करू नको."

आता ह्यांना पत्राचा कंटाळा, म्हणून यायची कॅसेट! आमच्याकडे कुठला टेपरेकॉर्डर? तो शेजारच्या वत्सलाबाईंकडे. म्हणजे नवरा माझा, पण त्याचा आवाज ऐकायला वत्सलाबाई पलंगावर, अर्धी कॉलनी दारात आणि मी कुठंतरी कोपऱ्यात! पहिल्या कॅसेटमध्ये नुसतं कौतुक. "इथं वाळूत गहू पिकवलाय. सरकारनं दवाखाने बांधले, पक्की घरं दिली..." की लगेच वत्सलाबाई, "अगं बाई! आणि आपण नळाला पहाटेपासून रांगेत! त्यांना म्हणावं, एक पाइप इकडं वळवा!" सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार?

दुसऱ्या कॅसेटला मात्र आवाज पार खाली गेलेला. म्हणाले, "पंपाशेजारी सालेम म्हणून म्हातारा आहे. त्याची खजुराची बाग, बागेत पिढ्यान्‌पिढ्यांचा झरा. आमचा पंप लागला तसा झरा आटत गेला. आता खजुराचे शेंडे वाळलेत, जमिनीवर मीठ फुललंय. त्याची मुलं शहरात कचेरीत बसून असतात, खुर्ची आहे पण काम नाही. इथं राबायला सुदानचे, इजिप्तचे आणि आम्ही. म्हातारा रोज येतो, मलाच चहा करून पाजतो आणि म्हणतो, पोरा, एक दिवस बंद ठेव, झरा वर येतो का बघू. साहेब म्हणतात, अजिबात नाही, मंत्री पाहणीला येणार आहेत, त्यांना हिरवं दिसलं पाहिजे. बाकी बरं आहे, काळजी करू नको."

वत्सलाबाईंनी फटकन टेप बंद केला. "अहो, तुमच्या ह्यांना कमवायला पाठवलंय की म्हाताऱ्याचा चहा प्यायला?"

आणि ह्यांनी काय करावं? साहेब दोन दिवस शहरात गेलेले बघून ठेवला की हो पंप बंद! एक दिवस! तिसऱ्या दिवशी हातात विमानाचं तिकीट!

आल्यावर दोन दिवस मी नुसती भांडी आपटली. मग राहवेना. विचारलं, "आला का हो झरा वर?"

म्हणाले, "तळ ओला झाला. म्हातारा त्या चिखलात पाय रोवून उभा राहिला, संध्याकाळपर्यंत. मग घरात होते नव्हते ते खजूर मला बांधून दिले."

तो खजूर मी कॉलनीत वाटला. म्हाताऱ्याची गोष्ट ऐकून कुणी खाल्ला, कुणी तसाच ठेवला... वत्सलाबाईंनी मात्र दोनदा मागितला.

सातपूरला जागा केव्हाच भरलेली. अंबडच्या कारखान्यांत विचारलं, तिकडे तरुण पाहिजेत. चार महिने माणूस घरात. शिवणकामावर घर किती चालवू? तेवढ्यात निफाडहून धाकटे दीर आले, रावजीभाऊजी. आल्या आल्या, "वहिनी, दादा आला ते लय बरं झालं! द्राक्षाला पाणी पुरंना. सगळ्यांनी बोअर घेतले, आपणच मागं. तीनशे फूट जाऊ! मोटरीवर दादाच बसंल, त्याला तर फॉरेनचा अनुभव हाय!"

हे एवढंच म्हणाले, "बांधापलीकडं गोजराकाकूची विहीर आहे."

गोजराकाकू म्हणजे आमच्या चुलत सासूबाई. एकट्या. विहिरीवर मेथी-कोथिंबीर काढतात, त्यावरच पोट.

"देऊ की तिला दोन घागरी!" भाऊजी म्हणाले. "काळजी कशाला करतो?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. खरं सांगते, तेव्हा मी नको म्हटलं असतं तर हे गेले नसते. पण डब्यात पीठ दोन दिवसांचं! मी म्हटलं, "जा."

बोअरला पाणी लागलं, भाऊजींनी पेढे आणले. हे मोटर चालवायला रोज एसटीनं निफाडला ये-जा करतात. गोजराकाकूंच्या विहिरीत आता दोर पुरत नाही. परवा डबा भरताना मी ह्यांना हळूच म्हटलं, "अहो... एक दिवस बंद ठेवून बघता का?"

चप्पल घालता घालता थांबले. म्हणाले, "तिथं बंद ठेवला, तर त्यांनी मला घरी पाठवलं. इथं कुठं पाठवतील?"

आणि डबा घेऊन गेले.