मठात दिलेली मुलं

— शाळा चांगलीच आहे गं अबोली, त्यात वादच नाही — पाचगणीची हवा, फर्डं इंग्रजी, शिस्त — आणि आल्या आल्या तू 'नीलिमाताई, तुमचा अनुभव सांगा' म्हणालीस ना, तर सांगते — आमच्या आर्याला आठव्या वर्षी ठेवलं तिथे, आणि आज बघ, इथेच जपानात, कोबेला पीएचडी करतेय. चहा घे, निवतोय. नचिकेतला ठेवायचं नक्की ठरलंय का तुमचं? नाही, आपलं विचारलं. रविवारी गेलो होतो ना आम्ही कोबेला, तिच्या व्याख्यानाला. विषय काय, तर मध्ययुगातल्या युरोपातलं शिक्षण! तेव्हा म्हणे मठातच शिकायचं, आणि आईबाप सहा-सात वर्षांची पोरं मठाला देऊन टाकायचे — देऊन टाकायचे म्हणजे कायमची. वेदीवरच्या कापडात मुलाचा हात गुंडाळला, की झालं, मूल मठाचं. मग लॅटिन, गाणं, स्तोत्रं तोंडपाठ — शिकायची गं, उत्तम शिकायची. बोलली सगळं जपानीत. माझं जपानी स्टेशन आणि कोपऱ्यावरच्या कोम्बिनीतल्या खरेदीपुरतं, पण आदल्या दिवशी फोन करून तिने मला सगळं मराठीत समजावलं होतं. मुद्दाम. का, ते नको विचारूस.

शेवटी एका आजोबांनी विचारलं, त्या आया नंतर भेटायला यायच्या का? — तेवढं कळलं मला, 'ओकासान' म्हणजे आई, हे कळतं ना — आणि आर्याने समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाली, "वाकारिमासेन." माहीत नाही. बस, एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जेवताना मी विचारलंच, "अगं, हे माझ्यावर होतं का?" तर हसली. "आई, हजार वर्षांपूर्वीची माणसं आहेत ती." आणि मेनूकार्ड वाचत बसली.

मी काय वाईट केलं, सांग? शिक्षणासाठीच ना? इथे शाळा नव्हती — म्हणजे होती, निशी-कसाईला होती, आपल्याच ट्रेनच्या लाइनवर — पण ती रोज सकाळी दारात बसायची, बूट घालायची नाही, रडायची, शिरीष ऑफिसला गेलेला, मला नुकती कुठे नोकरी लागलेली, माझ्या बॉस यामादा-सान घड्याळाकडे बघायच्या — तू काय केलं असतंस? मग पाचगणीहून फोनवर विचारायची, "आई, घरी कधी?" मी म्हणायचे, परीक्षा झाली की. परीक्षा काय, होतच असतात. आणि तिला सोडून परत येताना ना, विमानात मी इतकी गाढ झोपले — एअर होस्टेसने हलवून उठवलं, उतरा म्हणून. इतकी छान झोप — वर्षानुवर्षांत लागली नव्हती —

हे शिरीषलाही माहीत नाही. तुला कशाला सांगत बसले मी! राहू दे तो कप, मी विसळते. काय? मुख्याध्यापिकांचा नंबर? हो, देते की — होता फोनमध्ये — थांब — नाहीये वाटतं. उडाला. खरंच उडाला गं. तू ऊठ आता, नचिकेतची बस येईल. एकटा उभा राहील तो तिथे. जा.