गोविंदाचं बिनवासाचं अत्तर

आमच्या गोविंदाला निफाडला मुलगी बघायला जायचं होतं. होणारा सासरा कडक. दोन पोरं त्यानं शौकीन म्हणून परत पाठवलेली. तरी या पठ्ठ्याला अत्तर हवंच, आणि तेही कुणी नाक मुरडणार नाही असं! आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

भद्रकालीत रहीमचाचांच्या अत्तराच्या दुकानात नेला त्याला. चाचांनी हिना लावला.

"नको, सासरा म्हणेल पोरगा नाचगाण्याच्या बैठकीला जातो."

मोगरा?

"बायकी आहे."

चंदन?

"भटजी वाटेन रे."

तासाभरानं चाचांनी कपाळाला हात लावला. "भाऊ, आपको अत्तर नहीं, पानी चाहिए."

मी चाचांना डोळा मारला. त्यांनी कापसाचा कोरा फाया करून गोविंदाच्या कानात खोचला. "खास चीज है. एकदम हलकी."

गोविंदा डोळे मिटून म्हणाला, "हेच. हेच हवं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निफाडला. सासरा खूश. "हल्लीची पोरं अत्तर फासून येतात. तुम्ही साधे आहात. आम्हाला पसंत आहात."

झालं ना काम? गप बसावं की नाही? पण आमचा शहाणा तडकला. "साधा कसा? भारीतलं लावलंय. घ्या वास." आणि कान नेला की थेट त्यांच्या नाकापाशी.

गेलं स्थळ, म्हणून मी कपाळ धरलं.

सासऱ्यानं तीनदा नाक ओढलं, मग आत हाक मारली, "अगं, वाफेला पाणी ठेव. जावईबापूंचं एवढं भारी अत्तर, आणि माझं नाक पार गेलंय."