पाठ केलेला प्रश्न

ऑपरेशन थिएटरबाहेर, आपल्या पेशंटची वाट बघणाऱ्या एका शिंप्याच्या शेजारी, एक सासू आणि तिची सून बसल्या होत्या. आत सासऱ्यांचं ऑपरेशन चाललं होतं.

“म्हणा परत.”

“कुड यू टेल मी, हाऊ इज ही?”

“हाऊ ही इज, आई. अदबीनं विचारताना ‘इज’ मागे जातं.”

“तूच विचार ना, तुला येतं.”

“हे डॉक्टर पेशंटच्या बायकोशीच बोलतात. आणि आपली भाषा त्यांना येत नाही.”

“चुकलं तर रागावतील?”

“नाही हो. पण घाईत दोन शब्द टाकून निघून जातील. नीट विचारलं की नीट सांगतात.”

“हाऊ ही इज, हाऊ ही इज. जन्मभर ह्यांना ‘जेवलात का’ एवढंच विचारलं गं मी.”

एव्हाना शिंप्यालाही ते वाक्य पाठ झालं होतं.

दार उघडलं. सासू उठली आणि न अडखळता तिनं विचारलं. डॉक्टर थबकले. बाईंना सगळं समजतंय असं वाटून ते इंग्रजीत बराच वेळ हळू आवाजात बोलले, तिच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले.

“बरोबर विचारलं ना गं?”

“अगदी बरोबर, आई.”

“मग काय म्हणाले?”

सुनेनं हात धरून तिला बाकावर बसवलं.

“थांबा जरा. कसं सांगायचं, ते जुळवतेय.”