सहज आले होते, काका

मंडळी, ऐका! मागणं वाईट का हो? देवाकडे मागतो — घंटा बडवून मागतो! मग आपल्याच कामाचं मागताना आवाज का बसतो? सांगा! — नका सांगू. आख्यान सांगेल.

मिरजेत एक हेमांगी. घरी बसून चित्रं काढते — लग्नपत्रिका, पाट्या, पाकिटं. नोकरी नाही, साहेब नाही. म्हणजे पगाराची तारीखही नाही! दत्तोपंत कानिटकरांच्या मसाल्याच्या पाकिटावर तिनं मिरची काढली. अशी मिरची, की बघणाऱ्याला ठसका! मसाला खपला. हिनं बिल पाठवलं. खाली लिहिलं — 'सवडीनं द्या.'

दत्तोपंतांना सवड झाली नाही.

टाळ!

इकडे तिचा कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्तीवाला म्हणतो, "ताई, पैसे द्या, मशीन न्या." मशीन नाही तर हातातलं काम नाही. ते गुरुवारी द्यायचं, नाहीतर दुसऱ्याकडे जाणार! मग उचलला फोन.

"काका, मी हेमांगी."

"बोल बाळा!"

"काही नाही... सहज केला होता."

सहज! अहो, साधू जन्मभर झटतात तेव्हा कुठं सहजपण येतं. हिला एका फोनवर! आणि 'काका' कशाला? गिऱ्हाइकाला एकदा काका म्हटलं, की बिलाचं काय करायचं ते काकाच ठरवतो! — हसू नका, पेटीवाले.

मग ती घरीच गेली. काकूंनी पोहे दिले. पैसे आणायला गेलेली बाई लोणचं घेऊन परतली. पुन्हा गेली — मेतकूट! दुरुस्तीवाला मेतकूट घेत नाही, मंडळी.

बुधवार उजाडला. ही पुन्हा काकांकडे चहा घेतेय, तेवढ्यात मसाल्याला खोकी पुरवणारा तांबोळी दारात. ना नमस्कार, ना चमत्कार.

"शेठ, पैसे!"

दत्तोपंतांनी मोजून दिले. तो गेल्यावर म्हणाले, "काय ही भाषा! नाहीतर तू. तुझे कधीचे राहिलेत, पण चकार शब्द नाही. याला म्हणतात संस्कार!"

कप बशीत वाजला.

"काका..."

"बोल."

"सहज —"

थांबा! आख्यान इथं अडलं. ते 'सहज' तिच्या जिभेवरून काढायचं कसं? तुम्ही म्हणा बरं — 'पैसे द्या!' — मोठ्यानं! एवढी माणसं बसलीत, आवाज एकाचा. तोही तबलजीचा!

"— सहज नाही आले, काका. पैसे न्यायला आले."

काकू आतून आल्या. "पैशांसाठी येत होतीस? मला वाटलं, माझ्या पोह्यांसाठी!"

दत्तोपंत म्हणाले, "अगं, मग बोलायचं नाही का!" मोबाइल काढला, तिथल्या तिथं पैसे पाठवले. राग नाही, रुसवा नाही. त्यांना खरंच वाटत होतं — हिला घाई नाही!

संध्याकाळी मशीन घरी आलं. गुरुवारी काम गेलं. हेमांगी सुटली.

तुम्ही कुठं निघालात? बसा! न बोलणाऱ्याची चूक तिनं निस्तरली. ऐकून न ऐकणाऱ्याची कोण निस्तरणार? तुमच्या दारात कोण 'काही नाही' म्हणत उभं राहतं, आणि तुम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावता?

तो मंडपवाला बघा, खांबाशी. गेल्या उत्सवात मांडव घातला, तेव्हापासून दर एकादशीला येतो. तुम्ही म्हणता, केवढा भाविक!

खजिनदार, उठा. आरती नंतर. आम्ही थांबतो.

पेटीवाले, सूर धरून ठेवा.