वाघाच्या वाटेवर गिटारचा दांडा

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. नातवाची इलेक्ट्रिक गिटार फुटली, दांडा तेवढा धड राहिला. तो विकत घ्यायला बल्लारपूरहून रफिक आला, वाद्यं दुरुस्त करणारा. त्याला जंगलातल्या वाटेनं बसच्या फाट्यापर्यंत पोचवायला मी निघाले, दांडा माझ्याच हाती; पैसे तो फाट्यावर देणार होता. पैसे मिळाल्याशिवाय मी माल सोडत नाही.

"बाई, जपून. ओरखडा पडला तं घेनार नाई."

पुढं वाटेवरच्या ओल्या मातीत वाघाच्या पंजाचा ताजा ठसा! आमच्याकडे अशा वेळी पळत नाहीत. झाडांवर काठी ठोकत, मोठ्यानं बोलत चालतात. काठी घरी राहिलेली. मी दांडाच सागावर हाणला.

"अवो बाई, फुटन तो!"

"मंग तुयं डोकं दे ठोकाले!"

आवाज मी कापू दिला नाही. तेवढ्यात बाजूची झुडपं हलली. रफिकनं माझा पदर धरला.

"माय, जोरानं ठोका!"

ठोकत ठोकत फाटा गाठला. दांड्याला जागोजागी खाचा पडल्या होत्या.

"आता घेतं का नाई?" मी विचारलं.

"घेतो," तो झाडीकडंच पाहत म्हणाला, "पन बस येतवरी तुमच्याच हाती राहू द्या."